वंगण जाते कुठे?

गॅरेज असो, कारखान्याचा मेंटेनन्स विभाग असो की विहिरीवरची मोटर खोलणारा गावातला मिस्त्री असो, यंत्र उघडले की पहिले काम सफाईचे असते. गिअर, बेअरिंग, चेन, हाउसिंग यांच्यावर बसलेला काळा चिकट थर निघाल्याशिवाय झीज कळत नाही, बारीक तडा दिसत नाही, माप घेता येत नाही आणि नवे सील नीट बसत नाही. तरीही ‘पार्ट कशाने धुवायचा’ या प्रश्नाचा फारसा विचार होत नाही. हाताशी असेल ते वापरले जाते. कुठे पेट्रोल, कुठे रॉकेल, कुठे डिझेल, कुठे रंगाचा थिनर, कुठे कॉस्टिक सोडा, तर कुठे दुकानदाराने सुचवलेला बाटलीतला डीग्रीझर. प्रत्येकाचे समर्थक आहेत आणि सगळ्यांची कसोटी एकच आहे: मळ किती लवकर निघतो. ही कसोटी अपुरी आहे, असे माझे म्हणणे आहे. वंगण नाहीसे होत नाही, ते जागा बदलते. धातूवरून सुटलेले ग्रीस आणि त्याला सोडवणारे द्रव्य ही दोन्ही कुठेतरी जातातच: हवेत, श्वासात, हाताच्या कातडीत, गटारात, जमिनीखालच्या पाण्यात, नाहीतर झाकण लावलेल्या डब्यात. डीग्रीझर निवडताना आपण खरे तर या जागांपैकी एक निवडत असतो. गेल्या शंभर वर्षांत नुसत्या वेगावर भाळून जी द्रव्ये निवडली गेली, त्यांची किंमत कोणी आणि कशी मोजली ते पाहिले, तर लहान कार्यशाळेलाही परवडणारा मार्ग त्याच इतिहासातून हाती लागतो.

आधी मळ ओळखावा

ग्रीस म्हणजे घट्ट झालेले तेल, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ते साबणाच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल असते. नेहमीच्या ग्रीसमध्ये वजनाने साधारण ७० ते ९५ टक्के भाग खनिज किंवा कृत्रिम तेलाचा असतो. उरलेल्यात दाटपणा आणणारा घटक आणि थोडी पूरक रसायने असतात. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या लिथियम ग्रीसमध्ये हा घटक म्हणजे लिथियमचा साबण, आणि त्यासाठी लागणारे मेदाम्ल मिळते एरंडेलापासून. स्पंजात पाणी राहावे तसे या साबणाच्या तंतूंत तेल राहते. कपड्याच्या साबणासारखा हा साबण पाण्यात विरघळत नाही, कारण पावसाचिखलात टिकावा म्हणूनच तो घेतलेला असतो. चाकाच्या बेअरिंगला जो गुण तारतो, तोच धुण्याच्या वेळी आडवा येतो. शिवाय वापरलेल्या ग्रीसमध्ये रस्त्याची धूळ, धातूचा कीस आणि काजळी मिसळलेली असते. हे कण कोणत्याही द्रवात विरघळत नाहीत. भोवतालचे तेल सुटले की ते मोकळे होतात आणि मग त्यांना तिथून बाहेर वाहून न्यावे लागते. पार्ट नुसता बुडवून ठेवला की काम झाले, हा समज इथेच खोटा ठरतो.

दुसरी गोष्ट तेलाच्या जातीची. तेलकट कढई राखेने किंवा धुण्याच्या सोड्याने लख्ख निघते, मग इंजिनाचे तेल का निघत नाही? शेंगदाण्याचे, करडईचे किंवा पामचे तेल अल्कलीशी संयोग पावते आणि त्याचा साबण होतो, तो पाण्याबरोबर वाहून जातो. तेलघाणीचे किंवा फरसाणाच्या मशीनचे लोखंडी भाग गरम कॉस्टिकमध्ये झटपट साफ होतात ते यामुळेच. खनिज तेल मात्र निव्वळ हायड्रोकार्बनचे असते. त्याचा साबण होत नाही, सोडा कितीही कडक घेतला तरी. ते काढण्याचे दोनच मार्ग आहेत: दुसऱ्या हायड्रोकार्बनमध्ये विरघळवणे किंवा सर्फॅक्टंटच्या मदतीने धातूवरून उचलून पाण्यात तरंगत ठेवणे. याशिवाय दोन टोके उरतात. लेथवरच्या कामात लागलेले पाण्यात मिसळणारे कूलंट कोमट पाण्यानेही जाते, तर पिस्टनवर जळून बसलेला कार्बन आणि वॉर्निशसारखा पापुद्रा नुसते रॉकेल किंवा नुसते साबणपाणी वापरून निघत नाही. त्याला खास द्रव, बराच वेळ भिजवण आणि खरवडणी लागते. एकाच बाटलीवर ‘सर्व प्रकारच्या मळासाठी’ असे लिहिलेले असते तेव्हा या चारही गोष्टी एकाच मापाने मोजलेल्या असतात.

सॉल्व्हंटची ताकद मोजण्याचे एक जुने माप आहे, कौरी-ब्यूटॅनॉल मूल्य. न्यूझीलंडमधल्या कौरी झाडाची राळ ब्यूटॅनॉलमध्ये विरघळवतात आणि ते द्रावण गढूळ होईपर्यंत सॉल्व्हंट किती मिसळता येतो ते पाहतात. रॉकेलचे मूल्य ३०च्या आसपास येते, संत्र्याच्या सालीपासून मिळणाऱ्या लिमोनीनचे ६७च्या आसपास, टोल्यूइनचे १०५ आणि ट्रायक्लोरोएथिलीनचे १३०च्या जवळ. आकडे पाहून वाटेल की मोठा आकडा तो चांगला. पण खनिज तेल हे रॉकेलचेच जड भावंड आहे आणि ३०चा सॉल्व्हंटही ते पूर्ण विरघळवतो. त्यापुढची ताकद मुख्यतः रंग, रबर, प्लास्टिक आणि मोटरच्या वाइंडिंगवरचे वॉर्निश यांच्यावर खर्ची पडते. गरजेपेक्षा जास्त ताकदीचा द्रव घेतला तर मळ थोडा लवकर निघतो, पण पार्टचे आणि माणसाचे नुकसान त्याहून लवकर होते.

‘आदर्श’ सॉल्व्हंटांचा धडा

विसाव्या शतकाच्या मध्यात ट्रायक्लोरोएथिलीन हे जवळजवळ निर्दोष उत्तर मानले जात होते. ते सहज पेटत नाही, ८७ अंश सेल्सियसला उकळते आणि ग्रीस सहज विरघळवते. त्याच्या वाफेवर आधारलेली पद्धत तर फार सुंदर होती. टाकीच्या तळाशी सॉल्व्हंट उकळायचा आणि थंड पार्ट वाफेत लोंबकळत ठेवायचा. धातूवर वाफेचे थेंब धरतात, ग्रीस घेऊन खाली गळतात आणि वर पुन्हा शुद्ध वाफच येते. पार्टला प्रत्येक क्षणी ताजा, स्वच्छ सॉल्व्हंट मिळतो, आणि तो गरम झाला की वाफ धरणे आपोआप थांबते. हेच रसायन एके काळी रुग्णालयांत भूल देण्यासाठी वापरले जात होते, इतका त्याच्यावर विश्वास होता. पण उघड्या टाकीतली वाफ कामगारांच्या फुप्फुसांत जात राहिली आणि वापरून झालेला द्रव जमिनीत. तो पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड असल्याने भूजलात खोल उतरतो आणि तिथे वर्षानुवर्षे राहतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प लेज्यून या नौदल पायदळाच्या तळावर १९५०च्या दशकापासून १९८०च्या दशकापर्यंत सैनिकांची कुटुंबे असेच दूषित पाणी पीत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये या द्रव्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. युरोपीय संघात २०१६ पासून विशेष परवानगीशिवाय ते वापरता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या सर्व वापरांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणणारा नियम जाहीर केला.

त्याच्या जागी जी द्रव्ये आली त्यांची कथा जास्त बोलकी आहे. इलेक्ट्रॉनिक सर्किट धुण्यासाठी सीएफसी-११३ आणि धातूच्या भागांसाठी मिथिल क्लोरोफॉर्म ही दोन्ही कामगाराच्या दृष्टीने त्यामानाने सौम्य होती. पण त्यांची वाफ हवेत टिकून राहून ओझोनच्या थरापर्यंत पोहोचली. १९८७च्या माँट्रियल करारान्वये त्यांचे उत्पादन आवरले गेले आणि विकसित देशांत १९९६च्या सुरुवातीपासून ते जवळजवळ बंद झाले. ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यांमध्ये क्लोरीनयुक्त द्रव्यांऐवजी हेक्झेन आणि ॲसिटोनची मिश्रणे आली. कॅलिफोर्नियातल्या मोटार मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला, पकड ढिली पडली. १९९९-२००० मध्ये झालेल्या तपासात कारण निघाले ते हेक्झेन. शरीरात त्याचे रूपांतर मज्जातंतूंना इजा करणाऱ्या द्रव्यात होते, आणि सोबत ॲसिटोन असेल तर परिणाम वाढतो. प्रत्येक वेळी आधीच्या द्रव्याचा एक दोष दूर झाला होता आणि प्रत्येक वेळी मळ नव्या, न पाहिलेल्या जागी गेला होता: आधी भूजलात, मग आकाशात, मग माणसाच्या नसांत. ही द्रव्ये ग्रीस काढण्यात कुठेच कमी पडली नव्हती. उडून गेलेल्या वाफेचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, चूक एवढीच होती.

या इतिहासावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. विमानाचे भाग, इंजेक्टर, अचूक बेअरिंग यांच्यासाठी सॉल्व्हंटच लागतो आणि पाणी तिथे चालत नाही, असे म्हणतात. काही कामांत ते खरेही आहे. म्हणूनच आजच्या चांगल्या यंत्रांत धुणे, वाफेने विसळणे आणि वाळवणे हे सगळे बंद पोकळीत, निर्वात दाबाखाली होते. त्यांत ज्वलनशील पण तुलनेने कमी विषारी हायड्रोकार्बन किंवा सुधारित अल्कोहोल वापरतात आणि ऊर्ध्वपातन करून तोच द्रव पुन्हा पुन्हा घेतात. इथे सॉल्व्हंट आहे, पण तो सुटून जात नाही. या उदाहरणाने माझा मुद्दा पक्का होतो. सॉल्व्हंट बंद ठेवता येत असेल तर तो चांगले साधन आहे. उघड्या ट्रेमध्ये, छोट्या शेडमध्ये, पंख्याखाली तो तसा बंद ठेवता येत नाही.

पेट्रोल, रॉकेल, डिझेल

आपल्याकडच्या बहुतेक कार्यशाळांचा प्रश्न निर्वात टाकीचा नाही, पत्र्याच्या ट्रेचा आहे. त्या ट्रेत काय ओतावे? पेट्रोलबद्दल मात्र कुठलीही सवलत देता येत नाही. द्रवावरच्या वाफेला ठिणगीने पेट घेण्याइतके प्रमाण ज्या तापमानाला येते त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली सुमारे ४० अंश आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा पेट्रोलचा ट्रे कायम पेटण्याच्या अवस्थेत असतो. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते, गाडीखालच्या खड्ड्यात साचते आणि दहा फुटांवरच्या ग्राइंडरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. शिवाय बीएस-सहाच्या पेट्रोलमध्येही १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालते, आणि बेंझीन रक्ताचा कर्करोग घडवणारे म्हणून सिद्ध झालेले आहे. ‘पेट्रोल मागे काही ठेवत नाही’ हा समजही अर्धाच खरा आहे. ते विरघळवलेल्या तेलासकट सुकते, वर स्वतःतल्या पूरक द्रव्यांचा पातळ थर सोडते. खर्चाचे बोलायचे तर मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरला १०० रुपयांचा टप्पा ओलांडला. निम्मे हवेत उडून जाणारे द्रव्य धुण्यासाठी वापरणे हा व्यवहारही तोट्याचाच.

रॉकेलची बाजू बरीच मजबूत आहे. खनिज तेलाचे ग्रीस ते सहज सोडवते, हळू उडते, धातूला गंजवत नाही आणि मागे राहिलेला पुसटसा तेलकट थर पुन्हा ग्रीस भरायच्या बेअरिंगला त्रास देत नाही. मोटरसायकलच्या चेनसाठी अनेक कंपन्यांच्या पुस्तिका रॉकेलच सांगतात आणि पेट्रोल, वाफेचा मारा व तारेचा ब्रश यांना मनाई करतात. पण त्याच्या मर्यादाही नीट माहीत असायला हव्यात. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण ३५ ते ४० अंशांपासून पुढे सुरू होतो आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. जानेवारीत जो ट्रे त्यामानाने सुरक्षित असतो, तोच मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोलच्या रांगेत येऊन बसतो. रॉकेलने कातडीतला नैसर्गिक तेलकटपणा निघून जातो, हात फुटतात, खाज सुटते, आणि भेगांतून पुढे सगळेच आत जायला वाट मिळते. शिवाय रेशनचे निळे रॉकेल स्वयंपाकासाठी आणि दिव्यासाठी आहे, कार्यशाळेत ते वापरणे कायद्यात बसत नाही. डिझेल आणखी हळू उडते, पण जास्त तेलकट थर सोडते आणि त्याचा वास दिवसभर हाताला राहतो. या गटातून निवड करायचीच असेल, तर पार्ट धुण्यासाठी म्हणून विकला जाणारा, अरोमॅटिक घटक काढलेला आणि फ्लॅश पॉइंट ६० अंशांच्या वर असलेला खनिज सॉल्व्हंट बरा. त्याची वाफ कमी, वास कमी आणि आगीचा धोकाही कमी.

सॉल्व्हंट कमी वापरून जास्त काम कसे होते, त्याचा हिशेब एका ट्रेपाशी उभे राहून करता येतो. एका पार्टला चिकटून १० मिलिलिटर मळका द्रव बाहेर येतो असे धरू. तीन लिटर सॉल्व्हंट एकाच ट्रेत असेल तर पार्टवरचा मळ साधारण तीनशेव्या हिश्शावर येतो. तेच तीन लिटर एकेक लिटरच्या तीन ट्रेंत वाटले आणि पार्ट क्रमाने तिन्हीत विसळला, तर पहिल्यात शंभरावा, दुसऱ्यात दहा हजारावा आणि तिसऱ्यात दहा लाखावा हिस्सा उरतो. सॉल्व्हंट तेवढाच, सफाई हजारो पटींनी जास्त. पहिला ट्रे फार मळला की तो बाजूला काढायचा, दुसरा पहिल्याच्या जागी आणायचा आणि शेवटी ताजा भरायचा. काढलेला द्रव झाकणाच्या डब्यात दोन दिवस स्थिर ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचा द्रव पहिल्या ट्रेसाठी पुन्हा चालतो. पण पार्टवरचे जाड ग्रीस ट्रेत बुडवण्यापूर्वी लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून आणि चिंधीने पुसून काढावे. सर्वांत स्वस्त डीग्रीझर पट्टी आणि चिंधी हाच आहे, आणि त्यात निघालेले ग्रीस थेट डब्यात जाते.

पाणी, अल्कली आणि उष्णता

आता मुख्य पर्यायाकडे येऊ. हेन्केल या जर्मन कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये धुण्याच्या शास्त्राची एक सोपी मांडणी केली. सफाई चार गोष्टींनी होते: रसायन, उष्णता, घासणे आणि वेळ. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. डीग्रीझरच्या निवडीत बहुतेक चुका होतात त्या या चारांपैकी फक्त रसायनाकडे पाहिल्याने. पेट्रोलने दोन मिनिटांत होणारे काम सौम्य अल्कली आणि सर्फॅक्टंट असलेल्या, ६० ते ७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे भिजवून आणि ब्रशने घासून होते. उष्णतेने ग्रीस पातळ होते, सर्फॅक्टंट त्याच्या आणि धातूच्या मध्ये शिरतो, ब्रश धुळीचे कण हलवतो. अल्ट्रासॉनिक टाकी असेल तर ब्रशचे काम २५ ते ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरींमुळे तयार होऊन फुटणारे सूक्ष्म बुडबुडे करतात आणि आंधळ्या छिद्रांतही पोहोचतात. इथे वाफ म्हणून हवेत जाते ते बहुतांशी पाणीच. पेटण्याचा प्रश्न उरत नाही. सुटलेले तेल टाकीत राहते, आणि माझ्या दृष्टीने या पर्यायाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

पाणी म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नये. कॉस्टिक सोडा स्वस्त म्हणून सरसकट वापरला जातो आणि ॲल्युमिनियमचे हाउसिंग किंवा कार्बोरेटरची बॉडी त्यात पडली की पाणी फसफसू लागते. तो मळ सुटण्याचा आवाज नसतो. अल्कली धातूच खात असते, आणि निघणारा वायू हायड्रोजन असतो. थोड्या वेळात पृष्ठभाग काळा, खडबडीत होतो आणि माप बिघडते. जस्ताच्या मिश्रधातूंची गतही तीच. ॲल्युमिनियमसाठी म्हणून सौम्य अल्कलीचे, सिलिकेट असलेले क्लीनर निवडावे. सिलिकेट धातूला राखते. डोळ्यात उडालेला कॉस्टिकचा थेंब दृष्टी घालवू शकतो, म्हणून चष्मा हवाच, आणि सोडा पाण्यात टाकावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. आम्लाचा मोह पूर्ण टाळावा. ग्रीसच्या थराखाली आम्ल पोहोचत नाही, आणि पोहोचले तर कडक पोलादाच्या चेनमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये हायड्रोजन शिरून ती ठिसूळ होते. प्लेटिंगच्या कारखान्यात आधी ग्रीस काढतात आणि मगच आम्लात घालतात, ते उगाच नाही.

पाण्यावरचा दुसरा आक्षेप गंजाचा. लोखंडी पार्ट गरम पाण्यातून काढून तसाच ठेवला तर काही मिनिटांत त्यावर तांबूस झाक येते. याचे उत्तर क्रमात आहे. शेवटची विसळणी गरम पाण्याने करायची, म्हणजे पार्ट स्वतःच्या उष्णतेने वाळतो. मग कंप्रेसरची हवा मारायची आणि लगेच पातळ तेलाचा हात फिरवायचा. बेअरिंग हवेने वाळवताना मात्र ते हातात घट्ट धरावे, फिरू देऊ नये. कोरडे बेअरिंग हवेच्या जोरावर भिरभिरले तर रेसवर ओरखडे उठतात आणि एखादी गोळी सुटून डोळ्यावर येऊ शकते. तिसरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साध्या साबणाचा चोथा करतात आणि पार्टवर पांढरे डाग सोडतात. म्हणून साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंटवर आधारलेले क्लीनर घ्यावे आणि शेवटच्या विसळणीला शक्य असेल तर गाळलेले मऊ पाणी वापरावे.

पार्टचे ऐकावे

मळाइतकेच महत्त्व पार्टच्या धातूला, रबराला आणि त्याच्या पुढच्या कामाला आहे. ब्रेकच्या सिलिंडरमधली सील बहुधा ईपीडीएम रबराची असतात. रॉकेल, डिझेल, पेट्रोल यांचा स्पर्श झाला की ती फुगतात आणि ब्रेक दगा देतो. तिथे खनिज तेलाचा एक थेंबही नको; आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ताजे ब्रेक ऑइल वापरावे. नायट्राइल रबराची सील खनिज तेलात टिकतात, पण थिनरमध्ये टिकत नाहीत. ॲसिटोनने कित्येक प्लास्टिक विरघळते आणि पॉलिकार्बोनेटला तडे जातात. दोन्ही बाजूंनी बंद असलेले बेअरिंग धुण्यासाठी नसतेच. सॉल्व्हंट सीलच्या फटीतून आत जातो, आतले ग्रीस पातळ करतो आणि बाहेरून चकचकीत दिसणारे बेअरिंग काही दिवसांत कोरडे पडून आवाज करू लागते. चेनचेही असेच आहे. सॉल्व्हंट भरपूर ओतला तर बाहेरची वाळू पातळ तेलाबरोबर रोलरच्या आत शिरते. म्हणून आधी बाहेरचा चिखल कोरड्या ब्रशने काढावा, मग थोडा सॉल्व्हंट घ्यावा, आणि धुऊन झाल्यावर लगेच नवे वंगण द्यावे.

पार्टचे पुढे काय होणार आहे, यावर सफाई किती हवी ते ठरते. पुन्हा ग्रीस भरायच्या गिअरला रॉकेलचा पुसट थर चालतो. रंग द्यायचा असेल, वेल्डिंग करायचे असेल किंवा गॅस्केटचे सीलंट लावायचे असेल तर चालत नाही. वेल्डिंगपूर्वी क्लोरीनयुक्त फवाऱ्याने भाग साफ करणे तर जीवघेणे ठरू शकते, कारण वेल्डिंगची उष्णता आणि अतिनील किरणे त्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार करतात. सफाई पूर्ण झाली की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. विसळलेला पार्ट तिरपा धरून त्यावर स्वच्छ पाणी सोडावे. धातू खरोखर स्वच्छ असेल तर पाण्याचा सलग पापुद्रा अर्धा-एक मिनिट टिकतो. कुठे तेलाचा अंश राहिला असेल तर तिथे पापुद्रा फाटतो, कडा मागे सरकतात आणि थेंब जमतात. अळूच्या पानावर पाणी जसे गोळा होते, तसेच हे दिसते. एवढी साधी परीक्षा हाताशी असताना डोळ्यांना चकाकी दिसली म्हणून पार्ट स्वच्छ मानणे योग्य नाही.

गटाराचा हिशेब

पाण्याच्या पर्यायावर सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी ठेवला आहे. दुष्काळी तालुक्यात पार्ट धुवायला पाणी कुठून आणायचे, आणि ते मळके पाणी गटारातच जाणार असेल तर रॉकेलपेक्षा त्यात चांगले काय? हा आक्षेप आकड्यानेच तोलला पाहिजे. आपल्या पर्यावरण नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. त्या हिशेबाने एका वाटीभर, म्हणजे साधारण १०० ग्रॅम ग्रीसला १०,००० लिटर पाणी लागेल, एक अख्खा टँकर. म्हणजे पाणी वाढवून ग्रीस पातळ करणे हा मार्ग नाहीच. मार्ग एकच: तेल पाण्यापासून पुन्हा वेगळे करणे. इथे डीग्रीझरच्या निवडीतला सगळ्यांत दुर्लक्षित भेद समोर येतो. काही क्लीनर तेलाला इतके घट्ट धरतात की पाणी कायमचे दुधाळ होते. पार्ट छान निघतो, पण टाकी लवकर निकामी होते आणि सगळे पाणी फेकण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. दुसऱ्या प्रकारचे क्लीनर गरम असताना, घासणी चालू असताना तेल उचलतात आणि टाकी शांत झाली की ते सोडून देतात. तेल वर येते, काढून घेता येते, आणि तेच पाणी थोडे क्लीनर घालत दिवसेंदिवस चालते. चाळीस-पन्नास लिटरच्या टाकीत आठवड्याचे काम निघत असेल, तर रोज बादल्या ओतून अंगण धुण्यापेक्षा पाण्याचा खर्च कितीतरी कमी होतो. काही टाक्यांत कोमट पाण्यात तेल खाणारे जिवाणूही सोडतात. त्यांना वेळ लागतो आणि कडक अल्कली चालत नाही, पण हलक्या कामाला तो पर्याय चांगला आहे.

‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दाने इथे मोठी फसगत होते. बाटलीवरचा तो शब्द बाटलीतल्या द्रवाबद्दल असतो. त्या द्रवाने उचललेल्या इंजिनऑइलबद्दल, त्यातल्या धातूच्या किसाबद्दल तो काहीच सांगत नाही. संत्र्याच्या लिमोनीनबद्दलही तेच. वास चांगला आहे, ते झाडापासून मिळते, ताकद रॉकेलपेक्षा जास्त आहे, पण त्याचा फ्लॅश पॉइंट ५० अंशांच्या आतच आहे आणि हवेत जुने झालेले लिमोनीन कातडीवर ॲलर्जी आणते. लेबल वाचताना ‘हिरवे आहे का’ असे विचारण्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात: फ्लॅश पॉइंट किती, घटक कोणते, आणि तेल सोडते की धरून ठेवते. हे सांगणारे सुरक्षा माहितीपत्रक विक्रेत्याकडे मागावे. ते मिळत नसेल तर ती बाटली घेऊ नये.

‘महिन्यात चार पार्ट धुणाऱ्याने एवढा खटाटोप का करायचा?’ असे कोणी विचारेल. हिशेब केला तर खटाटोप फारसा नाही. जाड ग्रीस खरवडून डब्यात, मग झाकणाच्या ट्रेत थोडा उंच फ्लॅश पॉइंटचा सॉल्व्हंट किंवा गरम क्लीनर, हातात नायट्राइलचे मोजे, दरवाजा उघडा, जवळपास वेल्डिंग किंवा ग्राइंडर नाही, आणि शेवटी वापरलेले तेल व गाळ २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशी सोय. लहान गॅरेजने आपापल्या भागात चार-पाच जणांनी मिळून एक ड्रम ठेवला तरी हे जमते. मोठ्या कारखान्याने यापेक्षा कमी काही करावे, असे कारण मला दिसत नाही.

संध्याकाळी बंद केलेल्या धुण्याच्या टाकीचे झाकण सकाळी उघडले, तर चांगल्या क्लीनरची खूण लगेच दिसते. खाली पाणी पुरेसे निवळलेले, तळाशी काळा गाळ, आणि वर तेलाचा चमकता थर. डावाने तो थर काढून डब्यात घ्यायचा आणि टाकी पुन्हा तापवायची. काल धातूवर होते ते वंगण आज डब्यात आहे. हवेत नाही, हातावर नाही, ओढ्यातही नाही. कोणत्याही डीग्रीझरची ताकद या सकाळच्या डब्यावरून जोखावी.